पोर्टफोलिओ विकत घेता येत नाही

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या कार्यालयात बसलो असता आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ हातात चौघडी केलेला कागद घेऊन आले. त्यांची फुलांची लहानशी वाडी आहे. पहाटेच्या गाडीने फुले दादरला नेऊन ते संसार चालवितात. त्यांची धाकटी मुलगी मुंबईच्या एका कला महाविद्यालयात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला होती. चार वर्षे ती विरार लोकलच्या गर्दीत, भलेथोरले फोल्डर डोक्याच्या वर धरून उभी असलेली आम्ही पाहिली होती. कागद म्हणजे एका दुकानाने दिलेला खर्चाचा अंदाज होता. चाळीस पानांचा पोर्टफोलिओ, कडक पुठ्ठ्याची पेटी, पेटीवर सोनेरी ठशात नाव, दोन प्रती. एकूण रुपये ३६ हजार. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, एक ओळ होती : ‘प्रकल्प कमी पडत असल्यास पूर्ण करून मिळतील.’

‘‘फादर, शिक्षण फंडातून थोडी उचल मिळेल का? पुढल्या हंगामात फेडतो,’’ ते म्हणाले.

ज्यांना या विषयाची ओळख नाही अशा वाचकांसाठी सांगावयास हवे की, चित्र, अक्षर आणि मांडणी यांचे शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याला नोकरी मागावयास जाताना गुणपत्रिकेपेक्षा त्याच्या निवडक कामांचा संग्रह अधिक उपयोगी पडतो. त्या संग्रहाला पोर्टफोलिओ म्हणतात. सुतार लाकडाचा सांधा दाखवितो, शिंपी काजे दाखवितो, तसे हे. पुस्तकाचे मुखपृष्ठ, बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन, बोधचिन्ह, भित्तिपत्रक, औषधाच्या खोक्यावरील मजकुराची जुळणी, असे जे जे काम चार वर्षांत हातून झाले त्यातले वेचक त्यात असते.

आम्ही त्या गृहस्थांना होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दोन दिवसांनी मुलीला फोल्डर घेऊन पाठवा, एवढेच सांगितले. ती आली तेव्हा गोंधळलेली होती. कोणी शिक्षक म्हणाले होते की, आता कागद कोणीच पाहत नाही, सारे संगणकावर पाठवायचे. शेजारच्या कोणाचा भाचा जाहिरात कंपनीत होता. तो म्हणाला होता की, पेटी जितकी भारी तितकी छाप चांगली पडते. पहिले मत ऐकून ती छापील पोर्टफोलिओ करावयाचाच नाही असे ठरविते, तर दुसरे ऐकून बापाला कर्जात घालते. आम्हाला ही दोन्ही मते चुकीची वाटतात. आणि ती आपल्या घराघरांतून, अगदी शिकल्यासवरल्या माणसांकडून, इतक्या ठामपणे सांगितली जातात की, त्यांच्याविरुद्ध कोणीतरी उघड बोलणे अगत्याचे झाले आहे.

धर्मगुरूने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. अधिकार फारसा नाही, हे खरे. पण सेमिनरीत असताना आमच्याकडे तेथील वार्षिकाच्या मुद्रितशोधनाचे काम आले होते. ते खिळ्यांच्या छपाईचे अखेरचे दिवस होते. छापखान्यातील वृद्ध जुळारी खिळे उलटे वाचीत असत आणि आमच्यासारखे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी सुलटे छापलेलेही धड वाचू शकत नाहीत म्हणून हसत असत. पडद्यावर मजकूर पाहण्याचा प्रश्नच नव्हता. गॅलीवरून ओला कच्चा कागद निघे, तो दोरीवर वाळत घातला जाई, आणि जुळारीबुवा चार पावले मागे जाऊन त्याकडे पाहत उभे राहत. ते काय पाहतात, हे कळावयास आम्हाला सहा महिने लागले. ते मजकूर वाचीत नसत. पानावरचा काळा आणि पांढरा यांचा तोल पाहत असत. त्या सहा महिन्यांच्या पुण्याईवर हे लिहीत आहोत.

तेव्हा प्रथम ‘छापील पोर्टफोलिओचे दिवस गेले’ असे म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पहिली ओळख आज पडद्यावरच होते. अर्जासोबत एक आटोपशीर फाइल पाठवावी लागते, स्वतःचे संकेतस्थळ असल्यास उत्तमच. मुलाखतीला बोलावण्यापूर्वीच निम्मी निवड त्यावर होऊन जाते. हे मान्य न करणे म्हणजे आडमुठेपणा ठरेल. आणि ज्या मुलांना केवळ पडद्यासाठीच काम करावयाचे आहे, म्हणजे मोबाइलवरील सुविधा, हलती चित्रे इत्यादी, त्यांनी कागदाचा हट्ट धरण्याचे कारण नाही. पण जो विद्यार्थी स्वतःला मुद्रणाचा अभिकल्पक म्हणवितो, पुस्तके, वेष्टने, मासिके करावयाची म्हणतो, त्याने कागदावर उतरलेले एकही काम दाखवू नये, हे आम्हाला पोहण्याचे प्रमाणपत्र घेऊन कोरड्या अंगाने यावे तसे वाटते.

पडदा फार दयाळू असतो. त्यावर रंग प्रकाशाचे असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून झालेले. कागदावर मात्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकमेकींवर बसतात, आणि पडद्यावर झळाळणारा निळा किंवा पोपटी रंग तेथे आला की मलूल होतो. ज्याने हे स्वतः एकदा छापून पाहिले नाही, त्याला ते कितीही वेळा वर्गात सांगितले तरी पटत नाही. पडद्यावर लहान अक्षर बोटांनी मोठे करता येते. छापलेल्या सहा पॉइंटाच्या अक्षराला मोठे करण्याची सोय नाही, आणि आपल्या धर्मग्रामातील साठी ओलांडलेल्या बायकांना ते वाचता येत नाही म्हणजे नाही. संकेतस्थळावरून उचललेले छायाचित्र पडद्यावर काचेसारखे दिसते; इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने छापावयास गेले की त्याचे टिकलीएवढे चित्र उरते, आणि ताणून मोठे केले तर चौकटी चौकटी दिसू लागतात. बारीक काळा मजकूर चुकून चारही शायांत गेला आणि यंत्रावर एखादी प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. पानाच्या कडेपर्यंत जाणारा रंग तीन मिलिमीटर बाहेर वाढवून ठेवला नाही, तर कटिंग मशीनखाली एका बाजूला पांढरी चीर राहते. मधोमध पिना मारावयाच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीतच असावी लागतात, आणि पाने बरीच असतील तर आतली पाने बाहेर डोकावतात, म्हणून त्यांचा समास थोडा सरकवावा लागतो. जाड कागद धाग्याच्या आडव्या दिशेने दुमडला तर घडीवर फुटतो. आधी क्रिझिंग करून घ्यावे लागते.

ही यादी आम्ही शहाणपणा मिरविण्यासाठी दिलेली नाही. यातली जवळपास प्रत्येक चूक आमच्या चर्चच्या सणाच्या पत्रिकांमध्ये होऊन गेलेली आहे आणि तिचे पैसे धर्मग्रामाने भरलेले आहेत. सांगायचा मुद्दा असा की, यांपैकी कोणतीही चूक पडद्यावर दिसत नाही. विद्यार्थी स्वतःचा पोर्टफोलिओ स्वतः छापून, कापून, दुमडून, शिवून घेतो तेव्हा त्या एकेक करून त्याच्या समोर येतात, त्याच्या स्वतःच्या खर्चाने आणि दुसऱ्या कोणाचे नुकसान होण्यापूर्वी. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तो ती पुस्तिका आधी वाचीत नाही. हातात घेऊन तिची कड पाहतो, मधला भाग उघडून पाने कशी पसरतात ते पाहतो. दहा हजार खोकी छापावयास देताना या मुलावर विसंबता येईल की नाही, हे त्याला तेथे समजते.

आणि छपाई संपली आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा वाण्याच्या दुकानात उभे राहून चहूकडे पाहावे. तेलाच्या पिशवीपासून अगरबत्तीच्या पुड्यापर्यंत, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यापासून मुलाच्या दप्तरातील बालभारतीपर्यंत छपाईवाचून काय आहे? आपल्या वसईच्या पूर्वेकडील औद्योगिक वसाहतींत खोकी आणि लेबले छापणारी यंत्रे अहोरात्र चालतात. आपली मुले त्यांच्या दारावरून रोज स्टेशनला जातात आणि छपाई मेली असे ऐकून येतात.

आता दुसरा पक्ष, सोनेरी ठशाच्या पेटीवाल्यांचा. पहिल्या पक्षाशी आमचा मतभेद आहे. या पक्षाचा मात्र आम्हाला राग येतो. पेटीचा नव्हे. पेटी ज्याला परवडते त्याने करावी. तीत पाप नाही, थोडा भपका आहे एवढेच. राग येतो तो त्या तळाच्या ओळीचा. ‘प्रकल्प कमी पडत असल्यास पूर्ण करून मिळतील.’ म्हणजे काय? म्हणजे दुसऱ्या कोणी केलेले बोधचिन्ह, तिसऱ्या कोणी काढलेले छायाचित्र, आणि आता तर यंत्राने अर्ध्या मिनिटात ओकलेली चित्रे, आपल्या मुलीच्या नावाखाली बांधून मिळतील. परीक्षेत दुसऱ्याची उत्तरपत्रिका लिहून देणाऱ्याला आपण पोलिसांत देतो. येथे मात्र तो पावती फाडून देतो आणि आईबाप पेढे वाटतात.

कोणी म्हणेल, फादर, सगळेच करतात. हे वाक्य कबुलीजबाबाच्या जाळीमागून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याने हल्ली आमची झोपही मोडत नाही. पण धर्माचे सोडा, व्यवहाराचे पाहू. पहिल्या दिवशी काम हाती आले की काय करणार? ज्या मुलाने चाळीस पानांची देखणी पेटी दाखवून नोकरी मिळविली, त्याला सोमवारी सकाळी एक साधे लेबल करावयास बसविले की मंगळवारी संध्याकाळपर्यंत सारे उघडे पडते. मग नोकरी जाते ती जातेच, शिवाय त्याच महाविद्यालयातून पुढे येणाऱ्या प्रामाणिक मुलांकडेही संशयाने पाहिले जाते.

यापेक्षा सूक्ष्म असा अप्रामाणिकपणा आहे, आणि तो चांगली मुलेही नकळत करतात. चौघांनी मिळून केलेला प्रकल्प प्रत्येकाच्या पोर्टफोलिओत ‘माझा’ म्हणून येतो. वस्तुतः एका ओळीत लिहिता येते : संकल्पना चौघांची, अक्षरजुळणी माझी, छायाचित्रे अमुक मित्राची. त्या ओळीने किंमत कमी होत नाही. ज्याने गटात काम केले आहे आणि दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देतो, असा माणूस कोणत्याही कार्यालयाला हवाच असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर तेही लिहावे : कोणते चित्र यंत्राचे, त्यावर आपण काय केले. आम्ही त्या यंत्रांचे शत्रू नाही. मुद्रणयंत्र आले तेव्हा हस्तलिखिते करणारेही कुरकुरलेच असतील. पण यंत्राचे चित्र स्वतःचे म्हणून सही करणे, ही कुरकुरीची नव्हे, खोट्या सहीची बाब आहे.

येथे एक कटू गोष्ट सांगून टाकणे भाग आहे, नाहीतर आमचे म्हणणे भोळसट ठरेल. सुंदर अक्षर काढणारा माणूस आतूनही सुंदर असतो, असा आमचा दावा नाही. इंग्लंडचे एरिक गिल हे अक्षररचनाकार १९१३ साली कॅथलिक झाले; लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमधील क्रूसाच्या वाटेची शिल्पे त्यांचीच, आणि १९२८ सालापासून त्यांच्या नावाचे ‘गिल सान्स’ हे वळण जगभर छापले जाते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्रातून उघड झाले की, या भाविक म्हणविणाऱ्या कलावंताने स्वतःच्या पोटच्या मुलींचे लैंगिक शोषण केले होते. तेव्हा पोर्टफोलिओ हे चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. तो फक्त एका प्रश्नाचे उत्तर देतो : हे काम या हाताने केले आहे काय? त्या एका प्रश्नाचे उत्तर तरी त्याने खरे द्यावे, इतकीच आमची अपेक्षा.

पुन्हा त्या मुलीच्या फोल्डरकडे येऊ. आम्ही ते कार्यालयाच्या मेजावर पसरले. काम वाईट नव्हते. काही तर फारच चांगले होते. पण पाहता पाहता एक गोष्ट खटकू लागली. कॉफीच्या काल्पनिक दुकानाचे बोधचिन्ह, साबणाचे काल्पनिक वेष्टन, एका काल्पनिक संगीत महोत्सवाची भित्तिपत्रके, सारे इंग्रजीत. सबंध संग्रहात देवनागरीची एकही ओळ नव्हती. ‘‘बाळ, मराठीत काहीच केले नाहीस?’’ आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘‘फादर, मराठीत केले की ते फ्लेक्ससारखे दिसते.’’

या उत्तराने आम्हाला वाईट वाटले, कारण ते खरे होते. आपल्या सणांचे, नोव्हेनांचे, लग्नांचे फलक आठवा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे यावयाची ती पुढे जाऊन उभी राहिलेली. ‘ख्रिस्त’ या शब्दाचे जोडाक्षर फुटून ‘ख’चा पाय मोडलेला आणि ‘र’ वेगळा पडलेला. प्रभूचे नाव अशा मोडक्या अवस्थेत चर्चच्या फाटकावर नऊ दिवस टांगलेले असते आणि त्याखालून आपण सारे रांगेने जातो. बहुतेक वेळा दोष लिपीचा नसतो. मांडणीच्या संगणक प्रणालीत भारतीय लिप्यांसाठी निराळी जुळणी निवडावी लागते. ती एक खूण न केल्याने हा अनर्थ होतो. इंग्रजी अक्षरांत अंतर टाकण्याची जी पद्धत आहे ती तशीच देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते, आणि शब्द दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. आपल्या लिपीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक जागा सोडावी लागते. ती न सोडल्याने वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. हे ज्याला येते असा तरुण आज मुंबईत सहज सापडत नाही. मग हे येणाऱ्या मुलीने ते लपवून कॉफीचे दुकान का दाखवावे?

आपल्याला तर याची लाज अधिक वाटावयास हवी. हिंदुस्थानात पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला, सेंट पॉल कॉलेजात. खरे तर तो अबिसीनियाला जावयाचा होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीचा गोडवा गात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. देवनागरीत ते छापून यावयास १९५६ साल उजाडावे लागले. मध्ये ३४० वर्षे गेली. त्या काळात खिळे पाडण्याचा खटाटोप अवघड होता. शेकडो जोडाक्षरांचे ठसे पोलादात कोरावे लागत. पुढे एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांना जे वळण दिले त्याची वाहवा देशभर झाली. आमच्या आयुष्यात र. कृ. जोशी होऊन गेले. जाहिरातीच्या व्यवसायातून आलेला, कविता करणारा, पवईच्या आयआयटीत शिकविणारा हा माणूस देवनागरीचे वळण संगणकावर आणण्यासाठी झटला, आणि त्यांनी केलेला ‘मंगल’ हा फॉन्ट कोट्यवधी संगणकांवर गेला. ते २००८ साली निवर्तले. त्यानंतर मुंबईच्याच ‘एक टाइप’ या तरुणांच्या गटाने ‘मुक्ता’, ‘बालू’ असे देवनागरी फॉन्ट केले, आणि ते कोणालाही विनामूल्य, परवान्यासह, वापरता येतात. म्हणजे चोरीचा फॉन्ट वापरण्याचीही सबब उरलेली नाही. स्टीफन्स यांना जे मिळाले नाही ते आज शाळकरी पोराच्या संगणकात आहे, आणि आपली मुले त्याला फ्लेक्स म्हणून नाके मुरडतात.

पण मुलांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्या हातून मराठीचे चांगले काम होत नाही, कारण ते त्यांना देतो कोण? येथे आम्हाला स्वतःचाच कान धरावा लागतो.

त्या मुलीने दुसऱ्या वर्षात असताना आमच्या चर्चच्या सणाची पुस्तिका केली होती. आम्हीच सांगितले होते. ‘सेवा म्हणून कर,’ असे म्हणालो होतो, आणि तिने आनंदाने केली. दोन आठवडे रात्री जागून. मग काय झाले? मुखपृष्ठ समितीपुढे गेले. एका सभासदाला देणगीदारांची नावे मोठी हवी होती, दुसऱ्याला मेणबत्ती, तिसऱ्याला कबुतर. तिची मोकळी सोडलेली जागा ‘वाया गेलेली’ ठरली आणि तेथे एका दुकानाची जाहिरात आली. मजकूर छपाईला जाण्याच्या आदल्या रात्री बदलला. पुस्तिकेत आचाऱ्यापासून मांडववाल्यापर्यंत सर्वांचे आभार होते. तिचे नाव नव्हते. आणि ती पुस्तिका आज तिच्या फोल्डरमध्ये नव्हती. आम्ही कारण विचारले तेव्हा ती खाली पाहू लागली. ‘‘फादर, ते माझे काम राहिले नव्हते,’’ इतकेच म्हणाली.

तिला एक मराठी काम मिळाले होते, आणि ते दाखविण्याच्या लायकीचे आम्ही ठेवले नव्हते. हीच गोष्ट गावोगावच्या धर्मग्रामांत, संघटनांत, सहकारी पतसंस्थांत चाललेली आहे. गवंडी चर्चची भिंत बांधतो तेव्हा त्याला आपण मजुरी देतो आणि विटा कशा रचाव्यात हे समितीत मतदानाने ठरवीत नाही. चित्रकाराच्या बाबतीत मात्र सेवेचे नाव पुढे करतो. सेवा ही देणाऱ्याने ठरवायची असते. मागणाऱ्याने तिचे नाव घेतले की तिला वेठ म्हणतात.

म्हणून वाचकांपैकी जे समित्यांवर आहेत त्यांना आमची विनंती आहे, आणि ती पुष्कळांना रुचणार नाही. एखाद्या विद्यार्थ्याला काम द्याल तर काय हवे ते आरंभीच लेखी द्या. मान्य केल्यावर बदलू नका. थोडे का होईना, मानधन द्या. शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या नावाशेजारी, मांडणी कोणाची ते छापा. आणि छापून आल्यावर चांगल्या दहा प्रती त्याच्या हाती ठेवा, कारण त्याच्या पोर्टफोलिओला खरोखर छापल्या गेलेल्या, खऱ्या लोकांनी हाताळलेल्या कामाइतकी दुसरी कोणतीही पेटी शोभा देत नाही.

शिक्षण फंडातून आम्ही ते ३६ हजार दिले नाहीत. गृहस्थ थोडे रुष्ट झाले, आणि ते आम्ही समजू शकतो. मुलीसाठी काहीतरी भारी करावे अशी बापाची हौस असते. त्याऐवजी चर्चच्या सभागृहातील एक मेज तीन आठवड्यांसाठी मुलीला दिले. तिने पंचवीस कामांतून नऊ निवडली. सर्वांत चांगले काम पहिले, त्याखालोखालचे अखेरचे. कॉफीचे दुकान गेले. संगीत महोत्सव राहिला, पण मराठीत पुन्हा केलेला. आजीने तोंडी सांगितलेल्या लग्नातील पदार्थांची एक लहान पुस्तिका तिने नव्याने जुळविली, मराठीत, आणि तिच्यासाठी चार पाने कच्च्या आराखड्यांना दिली, ज्यात फसलेले प्रयत्नही होते. प्रत्येक कामाखाली दोन ओळी : काय हवे होते, आपण काय केले. आडवा ए-फोर आकार, अठ्ठावीस पाने, एकशे सत्तर जीएसएमचा विनाचकाकीचा कागद. हाताने शिवलेली बांधणी, वर साध्या राखाडी पुठ्ठ्याचे आवरण. पहिली प्रत छापून आली तेव्हा निळा रंग मेलेला होता आणि पान अकरावर पांढरी चीर होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही ती प्रत सभागृहाच्या भिंतीवर टाचली आणि चार पावले मागे जाऊन पाहावयास सांगितले. दुसरी प्रत बरी निघाली, तिसरी चांगली. तीनही प्रतींचा मिळून खर्च दोन हजार एकशे चाळीस रुपये झाला; तो तिने स्वतः केला.

पहिल्या दोन मुलाखतींत काही झाले नाही. एका ठिकाणी तर पुस्तिका उघडलीच गेली नाही. तिच्या मोबाइलवरूनच पाहून ‘कळवतो’ म्हणाले. तिसरी मुलाखत वसई पूर्वेच्या एका खोकी छापणाऱ्या कारखान्यात होती. तेथल्या उत्पादन प्रमुखाने आजीची पुस्तिका उलटसुलट करून पाहिली, शिवणीवर नख फिरविले, आणि विचारले की, पहिली प्रत कुठे आहे. तिने पिशवीतून काढून दिली. पान अकरावरची चीर त्याने बराच वेळ पाहिली. ऑगस्टपासून ती तेथे कामाला आहे. पगार मुंबईतील जाहिरात कंपनीपेक्षा कमी आहे, आणि तिच्या वडिलांना ते अद्याप पुरते पचलेले नाही.

यंदाच्या सणाची पत्रिका पुन्हा तिलाच सांगितली. तिने आधी लेखी मागणी मागितली, आम्ही दिली. मेणबत्ती आणि कबुतर यांची मागणी समितीत आली, ती आम्ही नामंजूर केली. पत्रिकेत ‘ख्रिस्त’ हा शब्द अखंड आहे. गेल्या आठवड्यात तिने अठराशे रुपयांचे बिल पाठविले. ‘आपल्याच धर्मग्रामातील पोर, आणि बिल?’ असे खजिनदारांनी त्यावर पेन्सिलीने लिहून कागद आमच्याकडे परत पाठविला. रविवारी अर्थसमितीची बैठक आहे; विषयपत्रिकेवर ते बिल पहिले घेतले आहे.